कांडी भरणारीचा विमा

४ ऑगस्ट
सुमनला जाऊन महिना होत आला. माग अजून बंदच. चरख्यावर बसून कांड्या ती भरायची, मी विणायचो. सुताची कांडीच नाही तर धोट्यात काय, हवा घालू? लोक विचारतात, काम सुरू झालं का? हो म्हणतो नि आत येतो.

६ ऑगस्ट
विमावाला विजू आला. चहा मीच केला, साखर विसरलो. बिचारा तसाच प्याला. माझ्या विम्यावर वारस म्हणून सुमनचं नाव आहे, ते बदला म्हणतो. "काकाजी, तुमचं काही झालं तर पैसे कोनाले देऊ?"
मी म्हटलं, "तिचा विमा काहून नाही काढला रे आपन?"
"काकी कुठं कमावत होत्या?"
असा राग आला! पण त्याला काय बोलू. आम्हा विणकरांत विमा विणणाऱ्याचाच. कर्ता माणूस गेला तर घर उघडं पडू नये म्हणून. इथे मी धडधाकट बसलोय आणि घरातली कमाई बंद. मग कर्ता कोण होतं?

९ ऑगस्ट
जवाहरनगरहून रेखाचा फोन. "बाबा, माग विका नं इथं या. एकटे काय करून राहिले तिथं?" पोरीचं चुकत नाही. पण तिच्या क्वार्टरमध्ये दिवसभर पाहुण्यासारखा बसू?
दुपारी स्वतः कांडी भरून पाहिली. सैल झाली. धोटा फेकला की सूत गुंतायचं. सुमन हेच काम भाजीवाल्याशी भांडता भांडता करायची. घर फार शांत झालंय.

१३ ऑगस्ट
रेखा आली. पदर खोचून सरळ चरख्यावर. "आईनं शिकवलं होतं ना मले." दिवसभर बसून टोपलीभर कांड्या भरल्या. पाठमोरी अगदी सुमन. मी विणत होतो. रडू आलं, ते मागाच्या खडखडाटात खपून गेलं. संध्याकाळच्या बसने गेली. निघताना म्हणाली,
"एवढ्या कांड्या संपल्या का मंग माह्याकडं येता ना?"
हो म्हणालो.

१७ ऑगस्ट
विजूला फोन करून रेखाचं नाव लिहायला सांगितलं. सुमनचं आता कुठेच राहिलं नाही.
टोपलीत एकच कांडी उरलीय. माग थांबलेला ऐकून शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "भाऊजी, आज काहून बंद?"
म्हटलं, पाठ दुखते. पाठ काही दुखत नाही.