विश्वयात्री सुदर्शनराव

काठमांडू,
४ मे २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुला फोन कानाला लावायचा कंटाळा, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. ही पत्रं जपून ठेव; पुढे कोणी अभ्यासाला मागितली तर असावीत.

क्रांती चौकातल्या निरोपसमारंभाला तू हवी होतीस. गाडीच्या दारावर माझा फोटो आणि खाली 'विश्वयात्री'. विजेच्या गाडीनं संभाजीनगरहून अल्माटी कोणी गाठलं नसावं; मी फार शोधायला गेलो नाही. निमित्त तिथं शिकणाऱ्या तनुजाच्या पदवीदानाचं. पोरगी डॉक्टर होते आहे, तेव्हा बापानंही काही करून दाखवावं.

जन्मभूमीच्या मातीला वंदन करावं म्हणून पिशोरला मुद्दाम मुक्काम केला, हे तुला ठाऊकच आहे. सुरेखा मजेत आहे. डबे, पासपोर्ट आणि माझ्या गोळ्या सांभाळते. परवा तिनं स्टिअरिंग मागितलं. मी समजावलं की परदेशातला रस्ता म्हणजे सिडकोतून भाजी आणणं नव्हे.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा,
सुदर्शन

*

पिशोर,
९ मे

चि. सुदर्शन यास द्वारकाअक्काचे अ. उ. आ.

वंदनाचं वाचून लई हसू आलं. अरं, भाषणं संपेस्तोवर तू एसी चालू ठेवला, आन् आपल्या फाट्यावर येऊन गाडी बसली. शेजारच्या कारभारीच्या ट्रॅक्टरनं तुला ओढत आणलं. मग विहिरीच्या मोटारीच्या लाईनवर गाडी चार्जिंगला लावली आन् लाईटची वाट बघत तू मुक्काम केला. माती कपड्याला लागली तेवढंच वंदन.

सुरेखाला गाडी देत जाय. मागल्या साली माझा पाय मोडला तवा तिनंच मला संभाजीनगरला नेलं. एक हिसका लागला नाय. तू नेलं असतं तर दुसरा बी मोडला असता.

एकमेकाला जपा. इथं समदे तुमची आठवण काढतेत.
अक्का

*

शिगात्से, तिबेट,
२१ मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हिमालय पार केला! जिथं माणसाला श्वास पुरत नाही अशा खिंडीतून आमची गाडी धीरोदात्तपणे गेली. सोबत फोटो आहे. स्टिअरिंगवर मी, मागे डोंगर. आपल्याकडच्या एका दैनिकानं तो छापला, मथळा 'मराठवाड्याचा वाघ जगाच्या माथ्यावर'. मथळा मीच सुचवला होता, पण त्यांनी तो बदलला नाही, हे महत्त्वाचं.

पडून लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.
तुझा,
सुदर्शन

*

शिगात्से,
२२ मे

ती. अक्कांना,
सुरेखाचा शि. सा. न.

ह्यांचा फोटो मिळाला असेल. तो दवाखान्याच्या आवारातला आहे. बाहेरून काही उलटसुलट कानावर येण्याआधी मीच खरं लिहिते.

खिंडीच्या अलीकडे ह्यांना चक्कर आली, ओकाऱ्या सुरू झाल्या, ओठ निळे पडले. मोठा दवाखाना खिंडीपलीकडे. सोबतच्या वाटाड्याला आमची गाडी चालवायची परवानगी नव्हती. माझा परवाना मी सीमेवरच काढून घेतला होता. तुला कशाला, असं हे तेव्हा म्हणाले होते. ह्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, ऑक्सिजनची नळी लावली आणि निघाले.

प्रत्येक वळणाला मागून ह्यांचं 'ब्रेक, ब्रेक' चाललं होतं. मग ते एकाएकी थांबलं. अक्का, मी ओरडून सांगितलं की काहीतरी बोला, चुका काढा माझ्या. बऱ्याच वेळानं क्षीण आवाजात म्हणाले की हॉर्न दे. मला रडूच फुटलं. समोर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी मी हॉर्न दिला.

आता बरे आहेत. दवाखान्यातून सुटल्यावर पहिलं काम फोटोचं केलं. मी उतरले, हे चढले, फोटो झाला, हे उतरले.

तुम्हाला सांगितलं, मन हलकं झालं. पाठीशी आहात तशाच राहा.
सुरेखा

*

अल्माटी,
१६ जून

ती. अक्कांना,
शि. सा. न.

काल तनुजा झगा घालून मंचावर गेली. ह्यांनी टाळ्या वाजवून हात लाल केले. मग घरी आल्या आल्या तिनं पहिला पेशंट म्हणून बापालाच तपासलं आणि बजावलं की गाडी बंद, विमानानं परत जा. हे लगेच तयार झाले, कारण क्रांती चौकात सत्काराची तारीख ठरली आहे.

गाडी आमच्याकडेच राहील. मी आणि तनुजा पुढे निघतोय. कास्पियन समुद्र बोटीनं ओलांडून जॉर्जिया, तिथून तुर्कस्तान. ह्यांनी विचारलं की दोघी बायकाच? मी म्हटलं, एक डॉक्टर आहे, एक ड्रायव्हर आहे, आणखी कोण लागतं?

ह्यांच्या जेवणाखाण्याकडे लक्ष ठेवा, आणि आम्हा दोघींनाही विसरू नका.
सुरेखा

*

पिशोर,
७ जुलै

चि. सौ. सुरेखास अ. उ. आ.

सत्काराला म्या गेले व्हते. हार, शाल, नारळ, समदं झालं. वाघ म्हणून भाषणं झाली. सुदर्शन मान डोलवत बसला व्हता. मग मागून कोणीतरी इचारलं की गाडी कुठंय? तिच्यासंगं फोटो काढायचाय. सुदर्शन उठला. माईकपाशी गेला. मग म्हणाला, गाडी जॉर्जियात हाये, आन् तिबेटापासून सुरेखाच चालवतीय. म्या मागं झोपलो व्हतो. तिच्यामुळं जित्ता हाये.

मला वाटलं, आता तरी तुजं नाव घेतील. तर पाव्हण्यांनी माईक वढला आन् सांगितलं की बायकोच्या हाती गाडी देणारा पुरुष हाच खरा विश्वयात्री. आन् त्याला दुसरी शाल घातली! टाळ्याच टाळ्या.

मग मला राहवलं नाय. काठी टेकत मंचावर गेले, ती दुसरी शाल त्याच्या खांद्यावरून काढली आन् पिशवीत घातली. ती तुजी. पाव्हणे बघतच राहिले. सुदर्शननं नुस्ती मान खाली घातली.

तुमच्या घरी जाताना रिक्षात म्हणाला, अक्का, ती लई चांगली चालवती गं. म्या म्हणलं, मला काय सांगतो? तिला लिही. तवापासून कागद घेऊन बसलाय. दोन ओळी लिहितो आन् फाडतो.

पोरीला जप, बेतानं चालव. इथली काळजी करू नको, तो माझ्याकडंच हाये, भाताचा कुकर लावायला शिकलाय.
तुमची वाट बघणारी,
अक्का