दिरहम वाढत गेला, पैसे तेवढेच आले

माय, मी आता मनी चेंजरच्या दुकानात काम करते हे तुला कळलं असतं, तर तू आधी हसली असतीस आणि लगेच विचारलं असतंस, आज दिरहमचा भाव काय. तुला दुसरं काही सुचायचंच नाही. आबा दुबईला होते ती सगळी वर्षं आपण दोघींनी लिंबायतच्या वस्तीतल्या त्या एका खोलीत काढली. तू साड्यांवर खडे चिकटवत बसायचीस आणि ज्या कुणाचं माणूस तिकडे असेल त्याला दारात अडवून भाव विचारायचीस. एकाचं ऐकून तुझं समाधान होत नसे. आबांचा फोन किराणावाल्याकडे यायचा. तू रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरायचीस आणि "जेवलात का" विचारायच्या आधी म्हणायचीस, "तठे भाव काय चालू शे?"

तो भाव चढतच गेला. ज्यांची माणसं तिकडे होती त्यांच्या घरी दर वेळी थोडे जास्त पैसे यायला लागले. समोरच्यांकडे फ्रिज आला आणि त्यांनी तो मुद्दाम दारातून दिसेल असा ठेवला. आपल्याकडे मात्र दर महिन्याला तेवढीच रक्कम. एका दुपारी तू मान वर न करता, हातातला खडा नीट बसवत मला म्हणालीस, "भाव वाढना, मंग पैसा काबर वाढत नही? तुना बापनी तठे दुसरं घर करेल शे." मी आठवीत होते. असं पोरीला सांगतात का, माय? त्या दिवसापासून आबांनी सुट्टीवर येताना आणलेल्या प्रत्येक वस्तूकडे मी संशयानं उलटसुलट बघायला लागले. माझ्यासाठी आणलेला फ्रॉक नेमका माझ्या मापाचा निघाला, तेव्हा मला वाटलं, तिथे माझ्याच वयाची कुणी असेल.

आबा एकदा सांगत होते की फार पूर्वी दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चालायचा, म्हातारे दुकानदार अजून त्याच्या गोष्टी सांगतात. तू भाकरी थापता थापता फणकारलीस, "आखो थापा मार!" कामावर लागले तेव्हा आमच्या शेठनी मला हेच सांगितलं. खरंच चालायचा. म्हणजे तुझ्या लेखी खोटी ठरलेली एक गोष्ट तरी खरी होती.

मग एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी कॉम्प्युटरवर मागच्या वर्षांचे भाव काढून बघितले. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, तो जागचा हलत नाही. खाली जातो तो आपला रुपया. म्हणजे घरी तेवढेच रुपये पोचवायला आबांना वर्षागणिक कमी दिरहम लागत होते. बाकीचे जात कुठे होते? तू काही शिकलेली नव्हतीस, पण तुझा आडाखा चुकलेला नव्हता, हे मला त्या स्क्रीनसमोर कळलं. काउंटरवर एक बाई येऊन दोनदा म्हणाली, "बेन, आजनो भाव शुं छे?" मी तिला स्क्रीनवरचा जुनाच भाव सांगून बसले.

घरी आले तर आबा पापडीच्या शेंगा सोलत बसले होते. आता ते माझ्याकडेच असतात. मी सरळ विचारलं, उरलेले दिरहम कुठे जायचे. ते चिडले नाहीत, आणि न चिडण्याचाही मला संशय आला. म्हणाले, "पगार कमी व्हत गया, बेटा." कापडाच्या लूमचे फिटर म्हणून गेले होते. कारखाना बंद पडला. मग गोदामात, मग लॉन्ड्रीत इस्त्रीला, आणि प्रत्येक ठिकाणी पगार आधीपेक्षा कमी. पैसे पाठवताना ते तिथल्या मनी चेंजरच्या खिडकीवर सांगायचे, घरी एवढे रुपये पोचले पाहिजेत, त्याला किती दिरहम लागतात ते बघा. रुपया घसरला की त्यांचं निभायचं. "फिटर म्हनीसन गयथू. इस्तरी करस हाई तिले कसं सांगू?" तू ज्या बातमीवर जास्त पैसे मागायचीस, त्याच बातमीवर ते सुटकेचा श्वास सोडायचे. हे ऐकून मला रडू आलं, आणि रडतानाच वाटलं, किती नीट जुळवलंय सगळं.

त्यांनाही माझा संशय दिसला असावा. म्हणाले, दुबईत त्यांच्याच खोलीत राहिलेला एक जण इथे जवळच कडोदऱ्याला असतो, आता बोलणं राहिलेलं नाही, पण मंदिरामागे घर आहे. "ईचारी ये त्याले."

तुझ्या शेवटच्या आठवड्यात आबा रजा काढून आले होते. दवाखान्यात त्यांनी पाण्याचा चमचा पुढे केला आणि तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. मी चमचा त्यांच्या हातातून घेतला, तेव्हा तू प्यायलीस. कडोदऱ्याच्या त्या माणसानं आबांचं म्हणणं खोटं पाडलं, तर या वयात मला बाप उरत नाही. आणि खरं निघालं, तर तुझं ते तोंड फिरवणं मी कुठे ठेवू?

रविवारी मी कडोदऱ्याला गेले. चौकात उतरले, चहा घेतला, मंदिरापर्यंत चालत गेले आणि तिथूनच परत फिरले. घरी येऊन आबांना सांगितलं, भेटला तो, तुम्ही म्हणालात तसंच सगळं सांगितलं त्यानं. आबांनी डोळे मिटून घेतले. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. खरे ठरले म्हणून की पकडले गेले नाहीत म्हणून, ते मला ओळखता आलं नाही, माय.