चाकांवरची न्हाणी

३ फेब्रुवारी

स्वतःच्या हातांनी केलेलं, आजपर्यंत: सरकत्या खिडक्या दोन. घडीचा पलंग. ओटा. ड्रॉवर सहा, एकही किरकिरत नाही. मागचा जिना. छपरावरची झडप. सगळं वायरिंग. मालाचा ट्रक होता हा, सांगून खरं वाटणार नाही! कारखान्यात बावीस वर्षं हाताखालचाच राहिलो, कारण सर्टिफिकेट नव्हतं. सर्टिफिकेटवाल्यांनी येऊन एक ड्रॉवर ओढून बघावा.

उरली न्हाणी. बायकोची अट एकच. "जन्मभर गळक्या घरांत फडकी पिळली. आता चाकांवर पिळणार नाही. एक थेंब बाहेर आला, तर तुमचे तुम्ही फिरा."

भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची आहे, मग दोघांचं घर हा ट्रकच. पंचवीस दिवस.

६ फेब्रुवारी

मेहुणा आला. फायबरचे टब बनवतो, म्हणून स्वतःला इंजिनिअर समजतो. टाइल बघून हसला. "दाजी, ही काय इमारत आहे? ट्रक चालताना अंग मुरडतो. एकसंध टब बसवा." म्हटलं, तू तुझी पिंपं बनव. माझ्या न्हाणीत डबडं नको.

१० फेब्रुवारी

प्लाय, त्यावर जाळी, त्यावर वॉटरप्रूफ लेप. डब्यावर दोन हात लिहिलंय. मी तीन दिले. टाइल बसली. उतार इतका नेमका, की गोटी ठेवली ती थेट भोकात!

१४ फेब्रुवारी

भोक बंद करून चार बोटं पाणी भरलं होतं. पेन्सिलची रेघ. चोवीस तास. पाणी रेघेवरच. खाली ठणठणीत कोरडं. तिला नेऊन दाखवलं. वाकून तिने स्वतः बोट फिरवलं. "बरं," म्हणाली. तिचं 'बरं' म्हणजे दुसऱ्याचं 'वा वा'!

१९ फेब्रुवारी

सामान चढवलं. तिचं शिलाई मशिन, आणि पेपर कटिंगची पेटी. तीस वर्षांची कटिंगं, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव, मापं तिच्या अक्षरात. "ही पाण्यापासून लांब ठेवा हं." मी पलंगाखाली ठेवली, न्हाणीच्या भिंतीला अगदी लागून. मुद्दाम. म्हटलं, पाणी बाहेर येणारच नाही.

२१ फेब्रुवारी

पहिली फेरी. सव्वाशे किलोमीटर, रस्ता खड्ड्यांचा. मुक्कामी दोघांची आंघोळ झाली. "हॉटेलात आल्यासारखं वाटतंय हो," म्हणाली. लिहून ठेवतो.

२२ फेब्रुवारी

गळलं.

२३ फेब्रुवारी

परत आलो. टाइल एकही फुटलेली नाही. कोपऱ्यातल्या सांध्यात केसाएवढी चीर, आणि बरोबर तिच्याखाली लेप फाटलाय. उभ्या ट्रकवर चाचणी घेतली मी! आधी चालवायचा, मग पाणी भरायचं. एवढी साधी गोष्ट. लेप तीन हात आणि अक्कल अर्धा हातही नाही.

पेटी भिजली. शाई पसरली. ओट्यावर ती एकेक कटिंग उलगडून वाळत घालत होती. उलगडताना फाटत होतं. मी म्हणालो, कागद काय, पुन्हा कापता येतो. का म्हणालो? तिने वर बघितलंसुद्धा नाही.

"टाइलही पुन्हा लावता येते. लावत बसा."

भावाकडे गेली. मशिन तिनेच उचललं. मला हात लावू दिला नाही.

१ मार्च

खोलीची किल्ली मालकाला दिली. झोपतो ट्रकमध्ये. मेहुण्याला फोन केला. "ताई ठीक आहे. जेवते, शिवते. तुमचा विषय काढत नाही." टबाबद्दल चकार शब्द बोलला नाही. 'सांगितलं होतं' असंही नाही. त्याचाच जास्त राग आला.

९ मार्च

सगळं उखडलं. खाली आता रबराची चादर, कोपऱ्यांत सिमेंट नाही, ताणलं तर ताणणारं सिलिकॉन. वर टाइलच. पुन्हा टाइलच!

१७ मार्च

आधी दोनशे किलोमीटर, एकही गतिरोधक सोडला नाही. मग पाणी, चोवीस तास. रेघ जिथल्या तिथे. एक थेंब नाही! बघा म्हणावं आता. कुणाला म्हणावं?

आंघोळ केली. टॉवेल बाहेरच राहिला होता. सवयीने हाक मारली.

२० मार्च

मेहुणा आला. आत शिरला नाही, न्हाणी बघितली नाही. जिन्यावर उभ्यानेच बोलला. ट्रक तो घेतो, आहे तसा. शिवाय त्याच्या घरामागच्या दोन खोल्या, आम्हा दोघांना. "ताईनेच पाठवलंय. म्हणाली, एकदा विचारून बघ, येतील."

नाही म्हणालो.

ट्रकचे नऊ लाख चाळीस हजार देत होता.