मोराच्या व्हिडिओला दिलेली श्रेणी

आई, वर्गात तुला बाई म्हणावं लागायचं, म्हणून आज कोणत्या नात्यानं बोलावं तेच कळेना. मीही आता बाई आहे, शेंद्र्याजवळच्या शाळेत चौथीला शिकवते. यंदा राष्ट्रीय प्रतीकांवर मुलांनी मोबाइलवर व्हिडिओ करून आणायचा होता, आणि श्रेणीही त्यावरच द्यायची होती. एका मुलीनं मोर निवडला. चित्र सारखं हलत होतं, वारा घोंघावत होता, आणि ती धापा टाकत सांगत होती, "हा आपला राष्ट्रीय पक्षी हाय. आमच्या भुईमुगाच्या शेंगा लई खातो." मागं तिचे वडील पत्र्याचा डबा बडवत ओरडत होते, "मुडदा बशिवला ह्यांचा, सगळं रान उकरलं!" मला खुदकन हसू आलं. मग श्रेणीच्या तक्त्यातला 'प्रतीकाबद्दल आदर' हा रकाना दिसला आणि हसू विरलं. शिक्षण खात्याचे साहेब तपासायला आले तर? मी तिला म्हटलं, "असं नाही चालायचं, नीट करून आण." चार दिवसांनी तिनं शहागंजातल्या एका दुकानातून करून आणला. नाचणारा मोर, मागं सनई, कुणा भलत्याच बाईचा आवाज. मी 'अ' श्रेणी देऊन टाकली.

तेव्हापासून जिवाला चैन नाही, आणि राग येतो तो तुझाच. अजिंठ्याच्या शाळेत मी तळ्यातलं कमळ काढलं होतं, शेजारी डुंबणारी म्हैस. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "राष्ट्रीय फुलापाशी म्हैस कशाला?" आणि खोडरबरानं ती घासून काढलीस, कागद फाटायला आला तरी. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तू तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकतेस, वर लोण्याचा गोळा ठेवतेस, म्हशीबद्दल चकार शब्द काढत नाहीस. मी न खाताच उठते. तुझ्याही डोक्यात कुणी साहेब बसला असेल, हे आता कळतं. कळूनही राग जात नाही, तुझ्यावरचाही आणि स्वतःवरचाही.

काल ती मुलगी टेबलापाशी आली. "बाई, तो पहिला व्हिडिओ तुमच्याकडं हाय ना? पप्पाच्या मोबाइलातून गेला. पप्पा म्हणले, तोच चांगला व्हता." मी म्हटलं, "शोधते हं." आज तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.

आई, शोधायला काही उरलेलंच नाही. साहेबांच्या कानावर ती शिवी जाऊ नये म्हणून मी तो त्याच दिवशी माझ्या मोबाइलमधून डिलीट केला. तिला हे सांगायचं धाडस होत नाही. तुला सांगते, कारण त्या म्हशीसारखंच ह्याबद्दलही तू उलट काही विचारणार नाहीस.