शेळीच्या स्मरणशक्तीवरील माझं जागतिक कार्य

६ जानेवारी, सकाळी ५.४०
झालं! पहिलं सायटेशन आलं! फिनलंडच्या कुणी डॉ. आइनो यांनी त्यांच्या शोधनिबंधात माझ्या निबंधाचा आधार घेतला. अकरा वर्षं मेंदूविज्ञान केलं, त्याचं चीज झालं. याआधी चार सायटेशनं होती, पण ती मीच मला दिलेली. ती धरत नाही. (धरली तर पाच.)
बायकोला, उज्वलाला, उठवून सांगितलं. ती म्हणाली, गॅस संपलाय.

त्याच दिवशी, दुपारी
संकल्प: सायटेशन दिवसातून एकदाच बघायचं. आतापर्यंत चौदा वेळा बघितलं. एकच आहे, पण जागचं हललेलं नाही.

७ जानेवारी
सासऱ्यांच्या आडत दुकानात गेलो. शिवप्पामामा लग्नापासून एकच विचारतात, "जावईबापू, ते तुमचं शेळ्याचं लिवलेलं कुनी वाचतं का हो?" आज छाती पुढे काढून सांगितलं, फिनलंड वाचतं! मामांनी तुरीच्या पोत्यातला हात काढून माझ्याकडे नीट पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (तुरीची धूळ असावी.)
मग मामांनी विचारलं, निबंधावर मोठ्या माणसाचं नाव कुठं असतं? मी म्हणालो, सगळ्यात शेवटी. माझ्या निबंधावर एकच नाव आहे, त्यामुळे पहिलाही मीच.

९ जानेवारी
मामांनी सत्कार ठरवला! चौकात फ्लेक्स: 'फिनलंड गाजवणारे लातूरचे मेंदूतज्ज्ञ'. फोटो लग्नातला, गॉगल लावलेला.

१० जानेवारी
फ्लेक्स वाचून दारात तीन पेशंट. मी डॉक्टर नाही, माझा विषय शेळीचा मेंदू, असं समजावलं. मुरुडच्या लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मंग तुमीच लागता. आमच्या मालकाचं डोस्कं तसंच हाय." सगळ्यांना दवाखान्यात धाडलं.

१३ जानेवारी
आइनोबाईंना ईमेल केला, सत्काराला व्हिडिओ कॉलवर दोन शब्द बोला म्हणून. लगेच होकार! त्यांचा निबंध वाचायला हवा, पण चाळीस पानं आहेत. कौतुकच असणार, वाचून काय करायचं?
भाषण लिहिलं. प्रयोगाचं वर्णन थोडक्यात: रेणापूरच्या ग्यानोबाच्या चौदा शेळ्या, कडब्याचा चक्रव्यूह. नऊ शेळ्यांनी भिंती खाल्ल्या, ते गाळलं. उरलेल्या पाचांवरून सिद्ध झालं की प्रत्येक शेळीच्या डोक्यात वाटेचा स्वतःचा नकाशा असतो. शेवटी ग्यानोबाचे आभार, वेळ उरला तर.

१८ जानेवारी, संध्याकाळी
हॉल खचाखच. शाल माझ्या खांद्यापर्यंत आली होती. तेवढ्यात पडद्यावर आइनोबाई आल्या आणि पहिलाच प्रश्न, ग्यानोबा कुठे आहेत?
शेवटच्या रांगेत. मीच बसवलं होतं.
पुढचं उज्वलाने मराठीत सांगितलं, माईकवर, एकही शब्द न गाळता. माझ्या निबंधात कामाची एकच गोष्ट सापडली, तळटीप सात: 'शेळ्या राखणारे ग्यानोबा यांच्या मते म्हातारी शेळी काढली तर बाकीच्यांना घरची वाट सापडत नाही.' बाईंनी ते तिकडच्या रेनडिअरवर करून पाहिलं, खरं निघालं. माझा नकाशा मात्र चुकीचा. हे त्या फार प्रेमाने म्हणाल्या.
ती टीप मी पान भरावं म्हणून घातली होती!
ग्यानोबा उभा राहून म्हणाला, "ह्यात नवं काय हाय? सगळ्यायलाच ठावं हाय." टाळ्याच टाळ्या. शाल त्याच्या खांद्यावर गेली. मीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जोरात.

१९ जानेवारी
नीट विचार केला. ग्यानोबाचा शोध कुणी लावला? मीच. संकल्प: त्याला मार्गदर्शन करायचं.
दुपारी रेणापूरला गेलो. तो फोनवर फिनलंडशी बोलत होता. मला म्हणाला, "सर, जरा बसा. बाई काय म्हनतात तेवढं मराठीत सांगा."

२ ऑगस्ट
नवा निबंध आला. लेखक ग्यानोबा, मग आइनोबाई. माझं नाव अगदी तळाला, बारीक अक्षरात: भाषांतराबद्दल आभार. मी ग्यानोबाचं नाव जिथे टाकलं होतं, बरोबर तीच जागा.
मग मामांना दाखवला. चष्मा लावून, बोट फिरवत ते शेवटच्या ओळीशी पोचले आणि हमालांना ओरडून म्हणाले, "अरे, सगळ्यात शेवटी आमच्या जावईबापूचं नाव हाय!" पेढे आणायला माणूस पाठवला. नव्या फ्लेक्ससाठी फोटो मागितला.
खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं, त्यात मामांनी पेढा घातला.
फोटो दिला. यावेळी बिनगॉगलचा.