चिट्टूचा कौल

प्रिय मलर,

मी चिट्टूला घेऊन इसक्की अम्मनच्या देवळाकडे निघाले, हे शेजारच्या कदिरने तुला फोनवर सांगितलं. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. बाळंतपणाला माहेरी येणार नाही, असा निरोपही जावईबापूंकडून पाठवलास. नको उचलूस, तेवढेच पैसे वाचतात. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

नवसाचं तुला कधी बोलले नव्हते. पहिलं बाळ पोटातच गेलं तेव्हा तू इथे येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. रसम-भाताचा घासही उतरत नव्हता. मी अम्मनला म्हटलं, हिची कूस पुन्हा भरू दे, पाचवा महिना नीट पार पडू दे, घरात वाढवलेली कोंबडी तुला वाहीन. त्यासाठीच आठवडी बाजारातून ते पिल्लू आणलं. परसात टोपलीखाली ठेवणार होते, तोवर तू उठून त्याला ओढणीत घेतलंस, चिट्टू नाव ठेवलंस आणि अंथरुणात नेलंस. त्या दुपारी तू पोटभर जेवलीस. मग हे देवीचं आहे, असं कुठल्या तोंडाने सांगणार होते?

अप्पा तेव्हा म्हणाले होते, आज कोंबडी घरात घेतलीत, उद्या म्हैस आणून झोपाळ्यावर बसवा. आता तेच तिला मांडीवर घेऊन मालिका बघतात. ती शिवणयंत्राच्या खणात अंडं घालायला बसली की मला यंत्राला हात लावू देत नाहीत. निवडलेल्या तांदळातली कणी तिला पुरते, वेगळा खर्च नाही.

तुझा पाचवा महिना सरला आणि माझी झोप उडाली. अप्पा म्हणाले, दुसरी एखादी कोंबडी देऊन टाक. पण देवीला कबूल केलेलं बदलायचं, तेही तुझं बाळ पोटात असताना? माझी छाती झाली नाही. मंगळवारी निघाले. बसमध्ये ती माझ्या मांडीवर ऐटीत बसली होती. कंडक्टरने विचारलं, पाप्पाचं, तुमच्या या बाळाचं, अर्धं तिकीट देऊ का. सगळे हसले, मला हसू येईना.

देवळातली रीत तुला ठाऊक आहे. अंगावर पाणी शिंपडायचं, कोंबडीने अंग झाडलं म्हणजे देवीने पत्करलं. वेलायुधम पुजाऱ्यांनी पाणी शिंपडलं. चिट्टूने डोळे मिटले आणि माझ्या काखेत डोकं खुपसलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. मागे कुजबुज सुरू झाली. देवीने नवस नाकारला म्हणजे तिचं दानही ती परत घेणार की काय? देवासमोर लपवायचं कसं, म्हणून मी सांगून टाकलं. माझी लेक हिला दर शुक्रवारी कोमट पाण्याने न्हाऊ घालायची, आता मी घालते. ती टॉवेलची वाट बघतेय. सगळं देऊळ हसलं. पुजारी हसले नाहीत. म्हणाले, "कौल तो कौल, अम्मा. हिला ही सवय लावणारी तुझी लेक, आणि लेकीची कूस भरणारी ही अम्मन. त्या दोघींचं आपसात ठरलंय. तू कशाला मध्ये पडतेस?" आणि आपल्याच खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी तिचं अंग पुसलं. मी तिथेच खाली बसून रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

एवढं लिहिलं, पण पत्र काही चिट्टूसाठी लिहिलेलं नाही. पुजारी म्हणाले, कोंबडीऐवजी लेकीला बाळ घेऊन येऊ दे आणि तिच्या हातच्या पोंगल-भाताचा नैवेद्य देवीला चढू दे. म्हणजे नवस फेडणं आता माझ्याकडे राहिलं नाही. चिट्टूला मी काखेत घालून परत आणलं, तुला तसं आणता येत नाही. येत्या शुक्रवारी अप्पा तुझ्याकडे येतील. सातव्या महिन्याच्या बांगड्या इथेच भरू. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण त्यांच्याबरोबर निघ.

तुझीच,
अम्मा