मी समुद्र पाहिलेला नाही

सेनगाव, रविवार, १६ मे २००४

आज शिरड शहापूरचे पाहुणे मला पाहायला आले. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "पोरी, एवढं शिकून काय करून राहिलीस?"

मी पिशवीतून उपग्रहाच्या रडारचं चित्र काढलं. समुद्राच्या पाण्यावर पट्टे उमटतात, त्यांवरून वरच्या हवेत कुठं खळबळ आहे ते मी ओळखते, असं सांगितलं. आईनं डोळे वटारले. कशाला काढलं मी ते चित्र?

चित्र हातोहात फिरलं. मुलाची आत्या म्हणाली, "नांगरल्यालं रान दिसून राहिलं."

"बराबर," वडील म्हणाले. "पण खरा समुद्र कसा असतो गं?"

थाप मारता आली असती.

"मी अजून पाह्यला न्हाई."

बाबांनी मान खाली घातली. दोन वर्षं त्याच पाण्यावर डोळे फोडते आहे, आणि खरंच पाहिलेला नाही!

मुलगा हळूच म्हणाला, "मी शाळेत भूगोल शिकवतो. मी बी न्हाई पाह्यला."

पाहुणे होकार देऊन गेले. बाबांनी माझं मत विचारलं. मी व्हय म्हणाले.

आई कपबशा उचलत म्हणाली, "दोघं बी सारखीच अडाणी. जमलं."